शालनबाई विसरत नाहीत

आमच्या इमारतीत शालनबाईंशी कुणी भांडत नाही. भांडण झालं तर त्या ओरडत नाहीत, हेच त्याचं कारण. शहर बसमध्ये कंडक्टर होत्या तेव्हा एखादा कॉलेजचा मुलगा तिकीट न काढता मागच्या दाराने उतरून पळाला, की त्या खिडकीतून त्याचा चेहरा नीट बघून ठेवत. चार-सहा महिन्यांनी तोच मुलगा पुन्हा चढला, की जागा रिकामी असली तरी त्याला बसू देत नसत. "त्या दिवशी उतरायची घाई होती ना? मग आज उभाच राहा." तो मुकाट्याने गाडीतळाच्या शेवटच्या थांब्यापर्यंत उभा राही. नणंद लग्नात काहीतरी टोचून बोलली, तर तिच्या उंबऱ्यावर त्यांनी पुन्हा कधी पाय ठेवला नाही.

हडपसर गाव होतं तेव्हापासूनच्या त्या इथल्याच. त्यांचे यजमान पोपटराव कारखान्यातून निवृत्त झालेले, अबोल. मुलगा चेतन आयटी पार्कात, सून आम्रपाली सरकारी कचेरीत. नातीचं नाव यशोधरा, पण तिला सगळे सोनूच म्हणतात. साडेतीन वर्षांची झाली आणि आमच्या मागच्या गल्लीतल्या बंगल्यात जी नर्सरी होती, तिथे तिचं नाव घातलं.

नर्सरी दिसायला सुरेख होती. फाटकाशी चिमुकल्या बुटांची रांग, अंगणात वाळूचा हौद, भिंतीवर मुलांच्या हातांचे रंगीत ठसे. शुक्रवारी घरचं कुणीतरी मदतीला जायचं. आज्या मुलांना घेऊन मटार सोलायच्या, एखादे आजोबा कागदाच्या होड्या करून द्यायचे. नर्सरी चालवणाऱ्या सुशीलाबाई पन्नाशीच्या. हातमागाची साडी, गळ्यात काळ्या मण्यांच्या दोरीला अडकवलेला चष्मा. आवाज असा, की ऐकणाऱ्यालाच आपण फार मोठ्याने बोलतोय असं वाटावं. पालक त्यांच्यावर खूश होते. शालनबाईसुद्धा.

दिवाळीची सुट्टी संपली आणि सोनू बदलली. झोपेत अंथरूण ओलं करायला लागली. सकाळी बूट घालताना पाय ताठ करून बसायची. मग एका रविवारी पोपटराव आंघोळीला गेले, त्यांनी आतून कडी लावली आणि सोनूने किंकाळी फोडली. "आजोबांना बाहेर काढा! बाहेर काढा त्यांना!" दारावर डोकं आपटायला लागली. पोपटराव अंगाला साबण तसाच ठेवून पंचा गुंडाळून बाहेर आले, तेव्हा कुठे तिने श्वास घेतला.

शालनबाईंनी तिला मांडीवर घेतलं. नुसत्या केसांतून हात फिरवत राहिल्या. बऱ्याच वेळाने सोनूच बोलली.

"शू झाली की अंधाराच्या खोलीत बसायचं. मॅम कडी लावते. मग आई येतच नाही."

दुसऱ्या दिवशी शालनबाई एकट्याच नर्सरीत गेल्या. सुशीलाबाईंनी खुर्ची दिली, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं.

"आजी, या वयात मुलं गोष्टी रचतात हो. अंधारी खोली, राक्षस, काहीही."

"माझी नात खोटं बोलत नाही."

"खोटं नाही म्हणत मी. पण मूल घाबरतं, तेव्हा बरेचदा कारण घरात असतं." सुशीलाबाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि शालनबाईंकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुमच्याकडे घरातलं वातावरण कसं असतं? म्हणजे मिस्टर वगैरे... घेतात का? राग मानू नका, विचारावं लागतं."

पोपटरावांनी जन्मात सुपारीही खाल्लेली नाही. शालनबाई उठल्या. "वर्गात कॅमेरे हायेत ना? दाखवा मला." रागाने त्यांची गावची बोली वर आली होती.

"वर्गातले बघा की. पण स्टोअरमध्ये कशाला कोण कॅमेरा लावेल?"

शालनबाईंनी स्टोअरचं नावही काढलं नव्हतं. तेवढं मनात टिपून त्या घरी आल्या.

रात्री जेवताना चेतन म्हणाला, "नाव काढू आई, आणि विषय संपवू." आम्रपाली पोलिसांत जायचं म्हणत होती.

"काय सांगशील पोलिसांना?" शालनबाईंनी विचारलं. "साडेतीन वर्षांची पोर म्हणते म्हणून? ती बाई गोड आवाजात म्हणेल, यांच्या घरातलं वातावरण बघा. आणि लोक मान डोलावतील. नाव काढू नका एवढ्यात. थोडे दिवस मला द्या."

"माझी पोर तिथे परत पाऊल टाकणार नाही," आम्रपाली म्हणाली.

"नकोच टाकू दे. मी जाते."

त्या खरंच गेल्या. सोनूला तिच्या दुसऱ्या आजीकडे पाठवलंय असं सांगितलं, आणि सुशीलाबाईंसमोर हात जोडले. "माझंच चुकलं मॅडम. रिकामं बसून डोकं फिरतं माणसाचं. काही काम सांगा, रोज येत जाईन." नर्सरीतली मदतनीस नुकतीच काम सोडून गेली होती. फुकट मिळालेले हात कोण नाकारेल? सुशीलाबाई हसून म्हणाल्या, "या की आजी. हे तुमचंच घर आहे."

मग महिनाभर शालनबाई रोज सकाळी चापूनचोपून साडी नेसून तिथे जात होत्या. मुलांचे बूट काढायच्या, डबे उघडून द्यायच्या, नाकं पुसायच्या. मला म्हणायच्या, "त्या बाईच्या हातचा चहा पिताना रोज जीभ चावून धरायचे." कुणा मुलाची चड्डी ओली झाली, की सुशीलाबाईंच्या आधी पोचायच्या, पुसून, बदलून मोकळ्या. त्या होत्या तोवर त्या खोलीची कडी एकदाही लागली नाही. दोन तरुण शिक्षिका होत्या, त्या काही विचारलं की जमिनीकडे बघायच्या.

पण मुलं बोलत होती. बोलत म्हणजे, खेळत होती. बाहुल्यांच्या कोपऱ्यात रोज शाळा-शाळा चालायची. राजस नावाचा एक टपोऱ्या डोळ्यांचा मुलगा होता, तो नेहमी मॅम व्हायचा. अस्वलाला बखोटीला धरून कपाटात कोंबायचा आणि दाराला पाठ लावून उभा राहायचा. शालनबाईंनी ते पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा हातातली चादर घडी करता करता तशाच थांबल्या. पुढचं सगळं तिथेच ठरलं.

जानेवारीत पालकांचा दिवस होता. प्रवेशाचे दिवस, त्यामुळे नव्या मुलांचे आईबापही येणार होते. सुशीलाबाई दुसरी शाखा काढणार होत्या. त्यांनी तीन गाणी बसवायला घेतली होती.

"मॅडम, गाणी काय, सगळीकडेच असतात," शालनबाई रंगीत कागद कापता कापता म्हणाल्या. "आपल्याकडे मुलं किती मोकळी खेळतात, तेच बघू दे की लोकांना."

सुशीलाबाईंना ते एकदम पटलं. "मोकळा खेळ! वा. आजी, तुम्ही हुशार आहात हं."

"तुमच्याच हाताखाली शिकतेय."

बाहुल्यांचा कोपरा शालनबाईंनी स्वतः मांडला, नेमका स्टोअरच्या दाराजवळ. बाहुल्या, पाळणा, छोटे कप. शेजारी पोपटरावांच्या जुन्या चष्म्याची फ्रेम, काचा काढलेली आणि काळ्या मण्यांच्या दोरीला बांधलेली. मुलांना एक शब्द शिकवला नाही, हे त्या आजही ठासून सांगतात. शिकवायची गरजच नव्हती.

राजसने ती फ्रेम पाहिली आणि लगेच गळ्यात घातली. मान वाकडी करून, हात मागे बांधून, सुशीलाबाईंसारखा चालायला लागला. पालक खळखळून हसले. सुशीलाबाईही हसल्या. कुणीतरी मोबाइल काढून चित्रण सुरू केलं.

राजसने एक बाहुली उचलली. "शू केलीस? शी! घाण मुलगी!" आवाज हळू, गोड, अगदी त्यांचाच. तिला फरफटत त्याने स्टोअरचं दार उघडलं, आत फेकली, दार ओढून घेतलं. टाचा उंचावल्या, पण कडीपर्यंत हात पुरेना, मग पाठ टेकून उभा राहिला. "रडलीस तर अजून बसवीन. तुझी आई येणारच नाही आज."

आता कुणी हसत नव्हतं. त्याच्या शेजारच्या एका मुलीने दोन्ही कानांवर हात घट्ट दाबून धरले होते. तिची आई पुढे आली, खाली बसली.

"बाळा, असं कोण म्हणतं?"

"मॅम."

"तुला कधी बसवलं आत?"

मुलीने हो म्हणून मान हलवली. मागून दुसऱ्या एका मुलाने न विचारताच सांगितलं, "मला पण. मला पण बसवलं."

"मुलांची कल्पनाशक्ती बघा..." सुशीलाबाईंनी बोलायला सुरुवात केली. चेहरा पांढरा पडला होता.

तेव्हा शालनबाई अगदी मागून, भरल्या बसमध्ये शेवटच्या सीटपर्यंत पोचणाऱ्या आवाजात म्हणाल्या, "कल्पना नसेल मॅडम. घरातलं वातावरण असेल."

पुढचं भराभर झालं. आम्रपालीने आणि आणखी काही पालकांनी मिळून तक्रार दिली. ते चित्रण होतंच, त्या दोन शिक्षिकांनीही तोंड उघडलं. मुलं काढून घेतली गेली, चौकशी लागली, खटला उभा राहिला. होळीच्या सुमाराला बंगल्याला कुलूप लागायची वेळ आली. लोक शालनबाईंना शाबासकी देत होते. त्यांना मात्र हे पुरेसं वाटत नव्हतं. "नोटिसा आल्या, वकील आले," त्या मला म्हणाल्या. "पण तिला कळलं कुठे काय केलं ते?"

मुलांच्या राहिलेल्या वस्तू घेऊन जा, असा निरोप आला तेव्हा त्या सोनूचा स्टीलचा पेला आणायला गेल्या. बंगल्यात सुशीलाबाई एकट्याच होत्या. भिंतीवरचे ठसे तसेच होते, बाकी सगळं खोक्यांत.

"तुम्ही महिनाभर माझ्याकडे चहा प्यायलात," सुशीलाबाई म्हणाल्या.

"हो."

"वीस वर्षं गेली माझी यात. एकदा मला नीट सांगितलं असतंत तर..."

"सांगितलं होतं."

सुशीलाबाई वळल्या. पेला शोधायला स्टोअरमध्ये गेल्या. दिव्याचं बटण बाहेरच्या बाजूला होतं. शालनबाईंनी दिवा घालवला, दार ओढलं आणि कडी लावली. मग एक लाल बुटकी खुर्ची ओढून दारासमोर बसल्या.

आधी आतून हाका आल्या. मग धक्के. मग "आजी, अहो, हा काय वेडेपणा आहे!" मग काहीतरी कोसळलं आणि श्वास लागल्यासारखा आवाज आला. शालनबाई मांडीवर हात ठेवून ऐकत होत्या. किती वेळ, ते त्या सांगत नाहीत.

"बरं वाटलं," एवढंच मला म्हणाल्या. "खूप बरं वाटलं. आतून 'कुणी आहे का' म्हणाली ती. माझ्या सोनूला तेवढंही सुचलं नसेल."

कडी काढली तेव्हा सुशीलाबाई भिंतीला धरून उभ्या होत्या. केस सुटलेले, गाल ओले. हातात सोनूचा पेला होता. तो पुढे करत त्यांनी विचारलं, "झालं समाधान?"

"नाही," शालनबाई म्हणाल्या, आणि पेला घेऊन घरी आल्या.

आम्रपालीला हे कळलं तेव्हा ती दोन दिवस सासूशी बोलली नाही. मुलीला ज्याने मोडलं तेच आपल्या घराने करायचं का, असं तिचं म्हणणं. शालनबाईंनी माफी मागितली नाही. सोनूचं अंथरूण हळूहळू कोरडं राहायला लागलं. पण न्हाणीघराचं दार अजून अर्धं उघडंच ठेवावं लागतं, आणि पोपटराव आत असले की त्यांना मोठ्याने गात राहावं लागतं, म्हणजे बाहेर तिला कळतं की ते आहेत. त्यांना सूर अजिबात नाही. सगळी इमारत ऐकते.

जूनपासून सोनू कालव्याजवळच्या एका छोट्या बालवाडीत जाते. तिथल्या बाई तरुण आहेत, खाली बसून मुलांशी बोलतात, सोनूला आवडतात. पहिल्या दिवशी सोडून आल्यावर मी शालनबाईंना विचारलं, कशी वाटली शाळा?

"चांगली आहे," त्या म्हणाल्या. "बाईही चांगल्या आहेत. त्यांचं पूर्ण नाव विचारून घेतलंय, आणि राहतात कुठे तेही."