आधी बर्फाचं पाणी हुंगायचं

आमच्या नाटे गावाहून रत्नागिरीला निघालेल्या एसटीच्या खिडकीतून आईने शेवटची आत दिलेली वस्तू म्हणजे सुक्या बांगड्यांचं पुडकं. तीन पदरी प्लास्टिक, त्यावर बाबांच्या जुन्या लुंगीचं फडकं आणि वरून करकचून बांधलेली सुतळी. बाबा तांडेल, म्हणजे बोटीचे म्होरके, त्या दिवशी बोट घेऊन समुद्रात होते; त्यांचा निरोप मी आदल्या दिवशीच धक्क्यावर घेतला होता. 'पेटीच्या तळाला ठेव, म्हणजे वर येणार नाय,' एवढंच आई म्हणाली. वर काय येणार नाही ते तिने सांगितलं नाही, मलाही विचारावं लागलं नाही. वास.

रत्नागिरीला मावशीकडे एक मुक्काम होता. तिच्या ओटीवर मी पेटी उघडली, पुडकं काढलं आणि मावशीच्या हातात दिलं. विमानात चालत नाही, असं सांगितलं. चालतं की नाही हे मी कुठेही विचारलं नव्हतं. मग पेटी आतून ओल्या फडक्याने दोनदा पुसली. आता लिहितानाही कान गरम होतात, पण तुमच्यापैकी जे माझ्यासारखे धक्क्याजवळच्या घरातून शिकायला बाहेर पडले, त्यांना हे कळेल. कॉलेजात माझ्या शेजारच्या बाकावरची मुलगी रोज सकाळी ओढणी नाकाला लावायची. मी जर्मनीला पेशींचा अभ्यास करायला निघाले होते हे खरंच, पण त्या ओढणीपासूनही पळत होते.

आणि नशिबाची गंमत बघा. प्रयोगशाळेत पहिल्याच आठवड्यात माझ्यापुढे एक छोटी तपकिरी बाटली आली. तिच्यात पुट्रेसिन होतं. मासळी नासली की जो वास सुटतो, त्यात याचाही वाटा. बाटली काचेच्या कपाटात उघडायची असते, तिथला पंखा वास ओढून नेतो. तरी थोडा निसटलाच. शेजारचे दोघे हसत मागे सरकले. मी मात्र जागच्या जागी उभी राहिले. हजारो मैलांवर, पांढरा कोट आणि निळे हातमोजे घालून मी नाट्याच्या धक्क्यावर उभी होते, लिलाव संपल्यावर टोपल्या धुतात त्या कोपऱ्यात. डोळ्यांत पाणी आलं. त्यांना वाटलं, रसायन डोळ्यांना झोंबलं.

पुढे वाचत गेले तशी मी थक्क होत गेले. हे पुट्रेसिन फक्त सडण्यात नसतं, जिवंत पेशीतही असतं. माझ्यात, तुमच्यात, अंगणातल्या आंब्याच्या पालवीत, गुरांत, यीस्टमध्ये. पेशी ते स्वतः बनवते, त्याला एक तुकडा जोडून त्याचं स्पर्मिडिन करते, आणखी एक जोडून स्पर्मिन. या सगळ्या कुटुंबाला पॉलिअमाइन म्हणतात. ही नसली तर पेशी वाढत नाही. एवढंच नाही, पेशीतली ऊर्जा जिथे तयार होते ते मायटोकाँड्रियाही मंद पडतात. ज्या वासाची लाज वाटून मी पेटी पुसली, त्याच्याशिवाय पेटी पुसणारा हातही हलला नसता. हे कळलं त्या दिवशी मी ट्राममध्ये बसून स्वतःच्या हाताकडे बघत राहिले आणि माझा थांबा मागे गेला.

पहिल्या सुट्टीला घरी गेले तेव्हा हे सगळं आईला सांगायचं ठरवलं होतं, पण जमलं नाही. ती माझी पेटी रिकामी करत होती. कपडे काढून झाल्यावर ती रिकाम्या पेटीवर क्षणभर वाकून राहिली. कंबर भरली असेल असं मला वाटलं. मी मदतीला हात दिला, तिने तो घेतला, आणि आम्ही जेवायला बसलो.

परत गेल्यावर माझा खरा वनवास सुरू झाला. माझा प्रयोग सांगायला सोपा होता. पेशींचं पॉलिअमाइन बनवणं औषधाने बंद करायचं. मग त्यांचे मायटोकाँड्रिया विझत जातात. त्यानंतर वरून स्पर्मिडिन द्यायचं आणि ते पुन्हा उजळतात का ते बघायचं. माझा सगळा प्रबंध या एका उजळण्यावर उभा होता. आणि स्पर्मिडिन दिलं की माझ्या पेशी दोन दिवसांत मरून जायच्या. ज्याच्यासाठी आसुसलेल्या, तेच दिल्यावर मरायच्या. मी प्रमाण कमी केलं, नवी बाटली मागवली, पेशी बदलल्या. पाच महिने गेले. आमच्या प्रमुख बाई शांत स्वभावाच्या. त्यांनी शांतपणेच सांगितलं की महिन्याभरात काही दिसलं नाही तर हा विषय सोडावा लागेल, आणि दुसरा विषय इथे मिळेल याची खात्री नाही. म्हणजे घरी परत. घरी जायला मला काय झालं होतं? पण असं रिकाम्या हाताने जायचं नव्हतं.

रविवारी दुपारी आईचा व्हिडिओ कॉल असायचा. त्या रविवारी मी रडले. तिने आधी रडू दिलं, मग काय बिघडलंय ते नीट सांगायला लावलं. मी जमेल तेवढ्या सोप्या शब्दांत सांगितलं. पेशी चांगल्या आहेत, वरून द्यायचं औषध चांगलं आहे, दोन्ही एकत्र केलं की सगळं नासतं. आई लिलावात मासळीच्या टोपल्या घ्यायची. वास पटला नाही तर टोपली नाकारायची. धक्क्यावर तिचं नाक सगळ्यांना ठाऊक होतं. इतर बायका माशाचा कल्ला उघडून हुंगायच्या, ती आधी टोपलीखाली ठिबकणारं बर्फाचं पाणी बोटावर घेऊन हुंगायची.

'मासली नासली म्हणून लगेच मासलीला नाव ठेवायचा नाय, बाय,' ती म्हणाली. 'आदी बरफाचा पानी हुंगायचा. तुजा ता पानी कसला हाय?'

माझं पाणी. पेशी ज्यात वाढतात ते लाल द्रावण. त्यात वासराच्या रक्ताचं सीरम असतं, सगळेच घालतात. पाच महिन्यांत मी त्याच्याकडे एकदाही संशयाने पाहिलं नव्हतं. सोमवारी सकाळी मी त्या द्रावणात पेशी न घालता नुसतं स्पर्मिडिन घातलं आणि वाट पाहिली. पेशी नव्हत्या, तरी चाचणीत विष दिसलं. जुने शोधनिबंध चाळल्यावर कळलं: गुरांच्या सीरममध्ये एक एन्झाइम असतं, ते स्पर्मिडिन तोडतं आणि त्यातून पेशींना मारणारे तुकडे निघतात. जुन्या संशोधकांना हे पक्कं माहीत होतं, त्या एन्झाइमला अडवणारं औषधही ठरलेलं होतं. ते घालायचं माझ्याकडून राहिलं होतं, कारण माझ्या हाताशी असलेल्या कृतीत ते लिहिलेलं नव्हतं आणि मी विचारलं नाही. विमानात चालतं का, हेही मी विचारलं नव्हतं.

ते अडवणारं औषध घालून पुन्हा सगळं लावलं. तिसऱ्या दिवशी अंधाऱ्या खोलीत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. जिथे फिकट, तुटके ठिपके असायचे तिथे रंगवलेल्या मायटोकाँड्रियाचे लांब केशरी तंतू पसरले होते, पेशीच्या कडेपर्यंत, आणि हलत होते. हळूहळू, एकमेकांना मिळत, सुटत. नाट्याच्या खाडीत पाण्याखाली जाळं हलतं तसं. मी किती वेळ बघत होते ठाऊक नाही. प्रमुख बाई येऊन मागे उभ्या राहिल्या, त्यांनी पाहिलं आणि शेजारी खुर्ची ओढली. माझ्या मनात एकच विचार होता, की हे असंच आत्ता आईच्या दंडातही चाललंय, टोपली उचलताना, आणि तिला त्याची खबरही नाही. वय वाढतं तशी ही पॉलिअमाइन पुष्कळ अवयवांत कमी होत जातात, हेही मला ठाऊक होतं. तो विचार मी तेवढ्यापुरता बाजूला ठेवला.

त्या वर्षी घरी गेले तेव्हा पुडक्याचं सगळं सांगून टाकलं. मागच्या पडवीत आई बांगडे चिरत होती. मावशी, ओटी, ओलं फडकं, काहीही लपवलं नाही. तिची कोयती थांबली नाही.

'ठाव हाय माका,' ती म्हणाली. 'पयल्या खेपेला पेटी हुंगली मी. वास नव्हता.'

मग का बोलली नाहीस, मी विचारलं. तिने पुढचा बांगडा घेतला.

'लांब चाललेलीस. म्हटला, हलकी जाऊंदे.'

 मी तिच्या शेजारी पाटावर बसले आणि मीठ लावू लागले. हाताला तो वास बसला, संध्याकाळपर्यंत मी तो धुतला नाही.

या खेपेला मी आधी रीतसर विचारलं. सुकी मासळी विमानात चालते. मी पुडकं पेटीच्या तळाला ठेवलं नाही, सगळ्यात वर ठेवलं. इथे पोचल्यावर बांगडे फ्रिजमध्ये गेले, कपडे कपाटात गेले. मागे राहिलेल्यांनो आणि निघून आलेल्यांनो, तुम्ही मला विचारता की आता घर कुठलं. पेटी रिकामी झाल्यावर मी तिच्यावर वाकले आणि हुंगलं. वास होता. मी पेटी पुसली नाही, तशीच बंद करून पलंगाखाली सरकवली.