पहिल्या धारेची

रेगेन्सबर्गहून निघताना सूनबाईंनी दारातच बजावलं, "अहो आई, तिथे फक्त बघायचं हं."

"गेनाऊ," मी म्हटलं. दीड महिन्यात एवढंच जर्मन आलं होतं (अर्थ 'अगदी बरोबर'), आणि ते कुठेही खपतं.

२००६च्या हिवाळ्याची सुरुवात होती. माझा मुलगा सुहास गाडी चालवत होता. मोठा रस्ता सुटला, तशा दोन्ही बाजूंना चेरीच्या उघड्याबोडक्या बागा लागल्या. मग टेकडीच्या कुशीत एक चर्च आणि पंचवीस-तीस घरं. त्यातल्या कितीतरी घरांमागे भट्टी, धान्याची दारू गाळायची, चार-चार पिढ्यांची. व्हिस्की त्या मानाने नवी.

भट्टी म्हणजे माझ्या डोळ्यांपुढे ओढ्याकाठची पिंपं आणि पोलिसांची धाड. ऐन तिशीत मी महिला मंडळाची चिटणीस होते. दारूबंदीवर अशी भाषणं ठोकायची, की पहिल्या रांगेतल्या बायका पदर सावरून बसत. आमचे हे महिन्या-दोन महिन्यांतून कधीतरी मित्राकडे घेत आणि वेलदोडा चघळत घरी येत. चिटणीस बाईसाहेब, म्हणजे मी, दारातच त्यांची कॉलर हुंगायला उभ्या! पोलिसातलं कुत्रंही इतकं इमानी नसेल. ह्यांना जाऊन आता सहा वर्षं झाली.

इथे मात्र भट्टीच्या खिडकीला लेसचे पडदे होते आणि दारावर क्रूस. हेडविग दारातच उभी होती. सत्तरीची, करड्या एप्रनमधली. सुहासच्या ऑफिसातल्या मित्राची मावशी. तिचा नवरा मार्चमध्ये गेला. आज ती पहिल्यांदाच एकटीने व्हिस्की गाळणार होती. गाळायचा दिवस आणि तास जकात खात्याला आधी कळवावा लागतो, त्यामुळे पुढे ढकलायची सोय नव्हती.

"चुकलं तर वर्षाचा सगळा सातू वाया," सुहास हळूच म्हणाला. "मग भट्टी बंद करीन म्हणते."

तांब्याच्या भांड्याखाली लाकडं धडधडत होती. नळीतून बारीक धार सुरू झाली. हेडविगने थेंबभर तळहातावर घेतलं, हात चोळले, नाकाशी नेले. मग माझ्याही तळहातावर थोडं ओतलं.

उजव्या हाताच्या खळग्यात कुणी काही ओतलं, की आपण काय करतो? मी भक्तिभावाने प्यायले आणि हात डोक्यावरून फिरवला.

"नाइन! नाइन!" (नको! नको!) हेडविग किंचाळली.

"आई, थुंक! अगं, ती पहिल्या धारेची!"

"मग उत्तमच की!" मी म्हटलं, आणि जिभेला आग लागल्यावर उरलंसुरलं बादलीत थुंकले.

आपल्याकडे पहिल्या धारेचीला केवढा मान. इथे ती फोरलाउफ (आधी येणारी, टाकून द्यायची धार). तिने खिडक्यांच्या काचा पुसतात. सुहासने माझ्या तीर्थप्राशनाचा उलगडा केला, तशी हेडविग एप्रन तोंडाला लावून हसली. हसता हसता डोळे पुसले आणि पुन्हा धारेखाली हात धरला.

टाकायची धार संपून ठेवायची कधी सुरू होते, ते तिचा नवरा नाकाने ओळखायचा. तिला भट्टीत कधी उभंही केलं नव्हतं त्याने.

"मग तुम्हाला कसं कळणार?" मी विचारलं. सुहासने जर्मनमध्ये सांगितलं.

"चाळीस वर्षं त्याच्या शर्टांच्या बाह्या धुतल्या," ती म्हणाली. "कुठल्या वासानंतर तो खूश होऊन जेवायला यायचा, ते ठाऊक आहे."

तिने हात चोळले, हुंगले, मान हलवली. पुन्हा. पुन्हा. मध्येच माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "तुमचा नवरा घ्यायचा?"

"कधीतरी."

"काय आवडायचं त्याला?"

मी सुहासकडे पाहिलं. तो लाकडांकडे बघत होता.

"येट्स्ट!" (आता!) म्हणत हेडविगने झटकन भांडं बदललं. मग हात नाकाशी धरून, डोळे मिटून ती बराच वेळ तशीच उभी राहिली. शेवटी तिने मान डोलावली आणि भिंतीशी ठेवलेल्या ओकच्या पिंपाचं बूच काढलं.

परतताना धुकं उतरलं होतं. सुहास सावकाश चालवत होता.

"बाबा काय घ्यायचे रे? व्हिस्की, रम?"

"माहीत नाही गं. घरी कधी आणलीच नाही त्यांनी."

का नाही आणली, ते तो बोलला नाही. पोरगं गुणी आहे.

मी विचारलं असतं, तर ह्यांनी आनंदाने सांगितलं असतं, चवीसकट. पण दारात उभी राहून मी एवढंच विचारायची, "अहो, किती घेतलीत?"