गुरुवारची जिलेबी

एकोणिसाव्या वर्षी मी एक महामूर्खपणा केला, आणि तो आजवर कुणालाच सांगितला नाही. आमच्या ह्यांना नाही, लेकीला नाही. नातीला तर नाहीच — ती म्हणेल, "आजी, तुम भी ना!"

काय केलं? मान हलवली. बस्, एवढंच.

आमच्या गल्लीतल्या काकूंचा विनू लहान विमान चालवायचा, दोघं-तिघं बसतील एवढं. एका पावसाळ्यात तो अमरकंटककडून परत येत होता. ढग डोंगरांवर टेकलेले. विमान डोंगराला धडकलं. आत तो एकटाच. शोधायला गेलेल्यांनाही धुक्यात डोंगर दिसेना, म्हणे. मला मात्र ते विमान अजून दिसतं — पांढऱ्यात पांढरं, आवाज नाही, कुणी कापसात सुई खुपसून राहिल्यासारखं.

त्याच्याशी मी कधी बोलले होते का? "सायकल बाजूला घे," असं तो एकदा म्हणाला होता. ह्याला काय बोलणं म्हणायचं? पण ह्या बयेने तेवढ्यावर मनात अख्खा संसार मांडला होता! म्हणून आम्ही घरचे काकूंना भेटायला गेलो तेव्हा सगळ्यांत मोठ्याने रडले ती मीच. काकूंनी जवळ घेतलं, हळूच विचारलं, "तुमचं काही होतं का गं?" आणि मी — हो म्हणून मान हलवली.

मग दर गुरुवारी काकू बोलवायच्या. दार लोटून विचारायच्या, काय काय बोलायचा गं तो? मी रचत गेले. ढगांची भीती वाटत नाही म्हणायचा. तुम्हाला वरून नर्मदा दाखवणार होता. काकू डोळे मिटून ऐकायच्या, आणि ती खोली हळूहळू जमिनीवरून सुटायची. खरंच सांगते, खिडकीत मलाही ढग दिसायचे. एकदा माझ्याच तोंडाला पाणी सुटलं, तर सांगून टाकलं — खोव्याची जिलेबी म्हणजे त्याचा जीव की प्राण! पुढच्या गुरुवारी काकूंनी तळली. मग दर गुरुवारी. आणि मी खायची — त्याच्या वाटच्या दोन जास्तीच्या! लाज? ती तेव्हा कुठे होती?

पण मला सांगायचं आहे ते हे नाही.

माझं लग्न ठरलं. आमच्याच शहराच्या टोकाला असलेल्या रांझीचा, कारखान्यात नोकरीला असलेला मुलगा. ही गोष्ट सासरी पोचली तर? — मी काकूंकडे जाणं बंद केलं. काही न सांगता. वाटेत त्यांचं दार लागू नये म्हणून मागच्या गल्लीने जायला लागले. एकदा त्यांनी गच्चीवरून हाक मारली. मी ऐकली — आणि चालत राहिले. त्यांचा मुलगा एकदा डोंगरात गेला होता. दुसऱ्यांदा त्याला मी नेलं.

काही वर्षांनी रांझीच्या बाजारात आम्ही समोरासमोर आलो. माझ्या कडेवर लेक. पळणार कुठे? खरं सांगायला मी तोंड उघडलं, तोच काकूंनी लेकीच्या गालाला हात लावला आणि मला म्हणाल्या,

"अगं, विनू गोडाला हात लावत नव्हता. मला तेव्हाच समजलं होतं. पण तू येणं काहून बंद केलं? मी तर दर गुरुवारी तळून राहिली होती."