दिराने न स्वीकारलेले घर

लुकांग गावी देवळामागील गल्लीत ग्योकथो मृतांसाठी कागदी घरे बांधीत असे. बांबूच्या कामट्या, रंगीत कागद, खळ आणि अपार संयम एवढ्या सामग्रीतून तिने अवघ्या गावाच्या पितरांना आश्रय दिला होता. अंत्यविधीत घर अग्नीला अर्पण होई आणि परलोकी ते मृताला प्राप्त होई, याविषयी तेथे कोणालाच शंका नव्हती.

ती स्वतः राहत होती ते घर तिने व तिच्या दिवंगत पतीने थोरला दीर चुईबोक याजकडून विकत घेतले होते. करारावर शिक्का उमटला, किल्ली मिळाली, संसार उभा राहिला. नोंदणी तेवढी राहून गेली. विषय निघाला की चुईबोक पांढराफटक पडे.

"जिवंतपणीच माझं नाव पुसतेस होय गं? यमाला आवतण धाडतेस?"

जित्या वडीलधाऱ्याचे नाव घरावरून उतरविणे म्हणजे त्याचे आयुष्य खुडणे, अशी त्या कुळाची समजूत होती. तिने दिराचा मान राखला, आणि त्यातच वर्षांमागून वर्षे लोटली.

चुईबोक वारला. तेथील रीतीप्रमाणे अंत्यविधीचा मुहूर्त कित्येक आठवड्यांनंतरचा निघाला. त्याचा एकुलता मुलगा कोकहिंग याने तोवर वारसाहक्काने नोंद आपल्या नावे करून घेतली.

"काकू, बाबांसाठी झकास घर कर. आणि हे रिकामं करायच्या तयारीला लाग. गिऱ्हाईक ठरलंय."

"अरे मेल्या, आम्ही विकत घेतलंय हे!"

"असेल. सरकारदरबारी कुठे लिहिलंय?"

नोंदणी कार्यालयातील अधिकारी सज्जन होता. "आजी, इथे ज्याचं नाव तोच मालक. नाव लावून मागायची तुमची मुदतही कधीच उलटली. बापाचा करार आहे, म्हणून पुतण्या स्वतः तुम्हाला हुसकावू शकत नाही; पण त्याने विकलं आणि नवं नाव चढलं, की तुमच्या हाती काही उरत नाही."

ग्योकथो परतली आणि दिराचे कागदी घर करायला बसली. बोटांनी आपसूक तिच्या राहत्या घराचीच आकृती घडविली. तोच झिजलेला उंबरठा, तीच कललेली खिडकी.

अंत्यविधीच्या दिवशी पुरोहिताने मृताचे नाव उच्चारून कागदी घर त्याच्या स्वाधीन केले. कोकहिंगने पलिता लावला. वारा नव्हता, कागद कोरडा होता. तरी ज्वाळा भिंतीला स्पर्शून निमाली. पुन्हा लावली, पुन्हा निमाली. कागदावर काजळीदेखील धरली नाही.

"काकू, खळीत काय कालवलंस?"

"मला काय विचारतोस? त्यांनाच विचार."

कोकहिंगने गुडघे टेकले आणि मृताचा कौल घ्यायचे अर्धचंद्राकार लाकडी तुकडे भुईवर टाकले. "बाबा, घर पसंत नाही?" नकार आला, म्हणजे घराला नावे ठेवायची नव्हती. त्याचा आवाज खाली गेला. "मग... हे काकूचं आहे, म्हणून नको?"

एक तुकडा पालथा पडला, एक उताणा. होकार.

"उद्याच तिच्या नावावर करतो!" तो ओरडला. पलिता त्याच्या हाती विझलेला होता. तरी घर आतून पेटले आणि मुकाट्याने स्वतःतच कोसळले.

त्याने शब्द पाळला. नोंद झाली त्या सायंकाळी ग्योकथो दाराशी आली आणि थबकली. आत कोणी चपला ओढीत मागल्या खोलीकडे चालले होते. याच घराची आकृती जळून दिराला पोचली होती.

"भावोजी," ती म्हणाली, "आता हे माझ्या नावावर झालंय हो."

पावले थांबली. दाराकडे मात्र कोणी आले नाही. मालकीण उंबरठ्याबाहेरच उभी राहिली. आत येऊ का, असे विचारण्याचाही धीर तिला होईना.