कुमुशाय एजेंनी कापलेली दोरी

बिश्केकच्या त्या इस्पितळात, मेंदूच्या वॉर्डात कुमुशाय एजेंचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. तिकडे थोरल्या बाईला ताईसारखं 'एजे' म्हणतात. डोक्याचं ऑपरेशन झालं की माणसानं उताणं पडायचं, मान हलवायची नाही, घोटभर सूप मागितलं तरी एजे डोळे वटारणार. रोगी सोडाच, डॉक्टरही या नर्सबाईंना टरकून असत, आणि बाईंना त्याचा भारी अभिमान.

अशा बाईंपुढे आयझिरेक ही तरुण डॉक्टरीण नवी पद्धत घेऊन आली. ऑपरेशनआधी रोग्याला फार वेळ उपाशी ठेवायचं नाही, गोड सरबत द्यायचं. डोकं सगळं भादरायचं नाही, चीर द्यायची तेवढीच पट्टी. नळ्या लवकर काढायच्या आणि दुसऱ्याच दिवशी खाऊपिऊ घालून चालवायचं.

एजेंनी नाक मुरडलं. "पोरी, मेंदू आहे तो. गुडघा नाही."

पहिला मान शार्शेन आकेंना; आके म्हणजे आपल्याकडचे दादा. नारीनकडचे घोडेवाले, डोक्यात गाठ. रविवारी त्यांच्या नातीची दोरी कापायची होती. पोर पहिली पावलं टाकायला लागलं की काळ्यापांढऱ्या लोकरीची दोरी पायांना बांधायची आणि शर्यतीत पहिला येईल त्यानं ती कापायची, म्हणजे पोर जन्मभर अडखळत नाही. जुन्या पद्धतीत आके पंधरा दिवस खाटेवरच राहिले असते. नातीसाठीच तर ते नव्या पद्धतीला कबूल झाले होते.

ऑपरेशन झकास झालं. सकाळी आके सुनेनं आणलेला मटणाचा रस्सा वाटी चाटूनपुसून प्यायले. पण उठा म्हटल्यावर घोडं पेंड खायला लागलं.

"डोकं उघडलंय माझं. उभा राहिलो आणि आतलं हललं तर? कुमुशायनं कालच दटावलंय, पडून राहा म्हणून."

आयझिरेक समजावून थकली. आके भिंतीकडे तोंड करून सुनेला म्हणाले, "माझ्याशिवाय उरकून घ्या." एवढा धिप्पाड माणूस, पण आवाज पार खोल गेला होता. एजे दारातच उभ्या होत्या. आपल्याच शब्दानं हा माणूस खाटेला जखडला, हे त्यांना कळलं.

"दोरी वळून झाली का गं?" त्यांनी सुनेला विचारलं. ती उशाशी बसून तीच वळत होती. एजेंनी आकेंना हळूच बसतं केलं, पाय खाली सोडले आणि घोट्यांना दोरी सैल बांधली. मग आयझिरेककडे वळल्या. "चल, जिन्यापासून इथवर. कोण आधी पोचतं बघू."

"मी पळू?"

"मग काय आके पळणार?"

रोग्यांचे नातेवाईक दारादारांत गोळा झाले. एजे सपाता हातात घेऊन धावल्या आणि जाता जाता डॉक्टरणीच्या वाटेत स्टूल सरकवून गेल्या.

"ही लबाडी आहे, एजे."

"माझं वय बघ की," एजे धापा टाकत म्हणाल्या.

आके इतके हसले की डोकं धरायचंही विसरले. एजेंनी दोरी कापली. "उठा आके. मी सांगतेय." ते उठले, दोघींच्या खांद्यांवर हात टाकून खिडकीपर्यंत गेले.

रविवारी त्यांचा घरून फोन आला. नवी दोरी वळली होती, कापूनही झाली होती. "नात दोनदा पडली. मी एकदाही नाही," आके ऐटीत म्हणाले.

एजेंनी डोळे पुसले आणि कालच ऑपरेशन झालेल्या बाईच्या खाटेशी गेल्या. "पडून काय राहिलीस गं? पाय खाली सोड."