मशीनचं नवं बटण आणि माझा नारळ

चिखलीत आमचं सुतारकामाचं दुकान आहे, मागं घर. रंधा मारायच्या मशीनचं बटण बिघडलं होतं. दाबून धरलं तरच मशीन चाले, बोट काढलं की बंद. दुसऱ्या कुणी बटण बदललं असतं. पण आमचे हे पडले सुतार. यांनी सागाची पाचर तासली आन बटणाच्या फटीत ठोकली. मशीन बंद करायची तर हातोडीनं पाचर उडवायची. गिऱ्हाइकं बघायला थांबत, आन यांची छाती फुगे.

माझा मात्र जीव टांगणीला. लाइन गेली की हे पाचर तशीच ठेवून मशीनीतला भुसा हातानं काढत. एक दिवस हात आतच, आन लाइन आली. शर्टाची बाही पात्यात जाऊन टराटरा फाटली, हात तेवढा वाचला.

"पाचर लय मजबूत हाय," हे म्हणाले. "जरा हालली नाही."

माझं डोकंच फिरलं. "नवं बटण आल्याशिवाय चूल पेटत नसते," म्हणून सांगितलं. आमच्याकडे लाकडाला काय तोटा, स्वयंपाक अजून चुलीवरच. भुकेनं अक्कल आली. दुपारी हे नवं बटण घेऊन आले. लाइन गेली की ते आपोआप बंद होई, पुन्हा दाबल्याशिवाय चालू होत नसे. यांनी ते बसवलं.

पण नवी वस्तू पूजेशिवाय चालू करायची कशी? मी बटणाला हळद-कुंकू लावलं, हार घातला आन नारळ फोडला. कुठं, तर मशीनच्या लोखंडी पाटावर, बरोबर बटणाच्या वर. पाणी सगळं बटणात. यांनी बटण दाबलं. फाटकन आवाज झाला, धूर निघाला, सगळ्या गल्लीची लाइन गेली.

शेजारचा गिरणीवाला बाहेर आला. "काऊन वैनी, देव पावला वाटते."

यांनी गपचूप खिशातून पाचर काढली. मी ती हिसकावली, चुलीत घातली आन तिच्यावरच भाकरी टाकली.

दुसरं बटण मी स्वतः जाऊन आणलं. नारळ या वेळी उंबऱ्यावर फोडला. मशीन सुरू झाली, आन थोड्या वेळानं लाइन गेली. यांनी सवयीनं भुशात हात घातला. मी हात ओढायला धावले. तेवढ्यात लाइन आली. पंखा फिरायला लागला. मशीन गप्पच.

यांनी हात बाहेर काढला. मी तो धरला, भुसा झटकला, एकेक बोट चाचपलं आन तळव्यावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला.

"रडून काऊन राह्यली?" हे म्हणाले. "खोबरं खवट निघालं का?"