डागमामी आणि गल्लीची बिछायत

डागमामींनी कुणाच्या तोंडाकडे आधी पाहिल्याचं मला आठवत नाही. त्यांची नजर आधी पदरावर, मग बाह्यांवर, मग मांडीवर. तिथे काही सापडलं नाही तरच नाइलाजानं चेहऱ्यावर. "ये, बस. सकाळी शेंगदाण्याची आमटी केलती जणू," असं त्या म्हणाल्या की आपण मुकाट्यानं पदर चाचपायचा. पाटोद्याच्या आमच्या गल्लीत त्यांचं खरं नाव फक्त मतदारयादीला ठाऊक होतं.

मी लग्न होऊन त्या गल्लीत आले तेव्हा बीडला कॉलेजात एक वर्ष काढलेलं होतं. वर्ष एकच, पण तोरा असा की कॉलेज मीच काढलंय. मामींनी पहिल्याच दिवशी माझ्या शालूवरचा थेंब पाहून "कढी हाय, आजच धू" म्हटलं. मी सासूबाईंना म्हणाले, "त्या बाईंना दुसरं काम नाही का?"

"न्हाई," सासूबाई म्हणाल्या. "आन तुला त्यांची गरज लवकरच पडंल."

आमच्या गल्लीची एक सामाईक बिछायत होती. आठ पांढऱ्या चादरी, बारा लोडांचे गलेफ. ज्याच्या घरी सुपारी, म्हणजे साखरपुडा, किंवा बारसं, त्याच्याकडे ती जायची. त्यानं धुऊन, घडी घालून पुढच्या घरी पोचवायची. डाग राहिला तर त्या घराचं नाव त्या चादरीला चिकटायचं. एकीला 'मास्तरांची चादर' म्हणत. मास्तर वारले तरी चादर त्यांचीच राहिली.

माझ्या नणंदेची सुपारी ठरली. पाहुणे माजलगावकडचे, ऊसवाले, इस्त्रीचे. रीत अशी की पंगत बसायच्या आधी बिछायत उचलायची. मी म्हटलं, "कशाला? पांढऱ्यावरच वाढू. बीडला असंच करतात." बीडला असं कुणीही करत नव्हतं. वर येळवणीची बादली मीच उचलली. पुरणाच्या डाळीची ती तिखट आमटी, वर बोटभर तर्री. साडीचा घोळ पायात आला, आणि सिंदफणेला पूर यावा तशी येळवणी मधल्या चादरीवर पसरली. कमी पडू नये म्हणून एका पाहुण्यानं जाता जाता पानाचा एक थेंबही सांडला.

पाहुणे गेले, आणि मी शिकलेलं डोकं लावलं. कढत पाणी, मूठभर सोडा आणि घासणी. घासलं, तर पिवळा डाग लालभडक! सुपारीच्या चादरीवर जणू रक्तच उतरलं. चादर ज्वारीच्या कणगीमागे कोंबली आणि सासूबाईंना सांगितलं, "भिजत घातलीय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मामी हजर. नजर पदरावरून हातावर आली आणि थांबली.

"नखं लाल कावून झाली गं?"

"मेंदी काढलीय."

"बीडला इतकी गबाळी मेंदी काढतेत?" मामी खाली बसल्या. "हळदीवर सोडा मारलास. खार लागला की हळदीचं कुंकू होतंय, एवढं कालिजात न्हाई सांगत? चादर आण. मंगळवारी बिछायत माझ्या घरी यायची हाय. माझ्या पोरीला बघायला येणारेत. दोनदा फिसकटलंय तिचं."

तेव्हा कुठे माझा तोरा उतरला. हाताशी चार दिवस होते.

मामी माझ्यावर ओरडल्या नाहीत. त्यांनी मला कामाला लावलं. "डागाला आधी इचारावं, तू कोन. मग पाण्याला हात लावावा." आधी तेल: ज्वारीचं पीठ दाबून ठेवायचं, झटकायचं, पुन्हा दाबायचं. मग लिंबू. लाल डाग डोळ्यांदेखत पुन्हा पिवळा झाला तशी मी टाळी वाजवली. "नाचू नको, आता खरी हळद भेटली," मामी म्हणाल्या. "ही कुनाच्या बापाला भेत न्हाई, उन्हाला तेवढी भेती."

ओली चादर माळवदावर, मातीच्या सपाट छतावर पसरायची, कडुलिंबाच्या झाडाची सावली आली की सरकवायची, वाळली की पुन्हा भिजवायची. डोक्यावर पदर घेऊन मी दिवसभर राखण करत बसले. पहिल्या दिवशी काही हललं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मी म्हटलं, "मामी, जाऊ द्या. नवी आणू."

"खाली बस. ऊन थकलंय का? मग तू कावून थकलीस?"

चौथ्या दिवशी संध्याकाळी हळद गेली. पानाचा ठिपका मात्र गेला नाही. दही झालं, दूध झालं, लिंबू झालं. बोराएवढा कात तिथेच. मला रडू फुटलं. मामींनी त्याच्यावर नख घासून पाहिलं. "माझ्यापरीस हट्टी हाय," म्हणाल्या आणि चादरीची घडी घातली.

मंगळवारी त्यांनी नेमकी तीच चादर मधोमध अंथरली. मी कुजबुजले, "मामी, वर लोड ठेवा की."

"लोड पाहुणे वढतेत. मला कोन वढतंय?" असं म्हणून त्या ठिपक्यावर बसल्या.

पाहुणे आले. पोहे झाले, चहा झाला, पोरगी बघून झाली. पाहुण्या बाईंनी कुंकवाला उठायला सांगितलं तर मामी म्हणाल्या, "गुडघे धरलेत. हिकडंच या." होकार आला, पाहुणे निघाले, त्यांना लावून द्यायला सारी गल्ली दारात. मामी तेवढ्या बसल्या जागेवरून हात जोडत होत्या. दार लागल्यावर मला म्हणाल्या, "डाग निघला न्हाई तर त्याच्यावर बसावं." त्या चादरीला माझं नाव कधी लागलं नाही.

शेवटचं मी त्यांना त्यांच्या लेकीच्या घरी भेटले. डोळे गेले होते. त्यांनी माझा पदर ओढून घेतला, बोटांनी चाचपला. "तेल हाय. पीठ लाव." बस्स, एवढंच. महिन्याभरात त्या गेल्याचं कळलं.

परवा बीडला मुलाच्या फ्लॅटवर नातवाचा वाढदिवस झाला. पनीरचा रस्सा सुनेच्या साईच्या रंगाच्या सोफ्यावर, वर कुणाच्या तरी पानाचा थेंबही. ती मोबाईलमध्ये औषध शोधत होती, तोवर मी कव्हर काढून पीठ लावलं होतं. तीन दिवस गॅलरीतलं ऊन सरकेल तशी माझी खुर्ची सरकत होती. हळद गेली. पानाचा एक ठिपका मात्र राहिला.

रविवारी विहीणबाई यायच्या होत्या. मी अकरा वाजता त्या जागेवर बसले. चार वाजता सून म्हणाली, "आई, उठा ना, पाय मोकळे करा जरा."

"गुडघे धरलेत गं," मी म्हटलं, आणि समोर बसलेल्या विहीणबाईंच्या पदराकडे पाहिलं.

सांबार होतं.